पळताना झेपते, वळताना अंगावर येते

पत्र :

नमस्कार ताई,

मी चिंचवडला राहतो. वय ५१, उंची पाच फूट पाच. आजवर पल्सर १५० चालवली. यंदा गृहकर्ज फिटलं, मुलगी नोकरीला लागली, म्हणून मनात होती ती रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० घेतली. ताम्हिणी उतरून माणगावपर्यंत जाऊन आलो, कसलाही त्रास झाला नाही. पण गावात शिरलो की घाम फुटतो. आतापर्यंत दोनदा गाडी पाडली. एकदा उड्डाणपुलाखाली यू टर्न घेताना समोर रिक्षा आली, मी क्लच दाबून ब्रेक मारला आणि गाडी उजवीकडे आडवी. दुसऱ्यांदा सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर, वळणात, मिसेस मागे बसलेल्या असताना. लागलं कोणालाच नाही, पण त्या आता बसायला तयार नाहीत. एक मित्र म्हणतो सीट कापून घे, दुसरा म्हणतो जिम लाव. मेकॅनिक म्हणतो हाफ क्लचवर चालवू नका, प्लेटा जळतील. यूट्यूबवर बघून मैदानात सराव केला; डावीकडे वळते, उजवीकडे जमत नाही. भाऊ सरळ सांगतो, विकून टाक. काय करू?

उत्तर :

नमस्कार दादा,

विकू नका. निदान आत्ता तरी नको. ताम्हिणी उतरून सुखरूप आलेल्या माणसाला गाडी झेपत नाही, हे मला पटत नाही. तुम्हाला अडचण आहे ती ताशी दहाच्या आतल्या वेगाची. तो वेग आपल्याकडे कोणी शिकवत नाही. गिअरच्या गाडीचं एकदा लायसन्स मिळालं की शंभर सीसीही त्यावरच आणि हजार सीसीही त्यावरच. आरटीओच्या मैदानात हलक्या गाडीवर आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, झालो पास. जपानमध्ये मोठ्या मोटारसायकलच्या लायसन्ससाठी ३० सेंटिमीटर रुंद आणि १५ मीटर लांब पट्टीवरून गाडी न्यावी लागते आणि त्यात अट अशी, की दहा सेकंदांच्या आत पलीकडे पोचायचं नाही. म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरहून कमी. परीक्षा वेगाची नाही, न पडता हळू जाण्याची. आपण शाळेच्या क्रीडादिनी स्लो सायकलची शर्यत लावायचो ना, तीच ही, फक्त २४१ किलोंची.

आता तुमच्याच वाक्याकडे या. ‘क्लच दाबून ब्रेक मारला आणि गाडी आडवी.’ रोग सगळा या वाक्यात आहे.

साठच्या वेगाला गाडीला तुमची गरजच नसते. चाकं फिरत असतात, पुढच्या चाकाची ठेवण अशी असते की गाडी जरा कलली तर ती आपली आपण सावरते. पाचच्या वेगाला हे सगळं जवळजवळ संपलेलं असतं. तिथे गाडीला उभं ठेवतात दोनच गोष्टी : हँडलची बारीक हालचाल आणि मागच्या चाकाला मिळणारी इंजिनची ओढ. वळणात गाडी आतल्या बाजूला कललेली असते. ओढ किंचित वाढवली की ती बाहेरच्या बाजूला उभी राहू लागते. ओढ तोडली की आणखी आत झुकते. तुम्ही क्लच पूर्ण दाबलात, म्हणजे नेमक्या वेळी ओढ तोडलीत. वर पुढचा ब्रेक धरला असणार. असणार कशाला, धरलाच असेल. घाबरल्यावर उजव्या हाताची बोटं आधी आवळतात. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडीचा सगळा भार वळलेल्या चाकाच्या आतल्या बाजूला येतो आणि ती जागच्या जागी झोपते. एबीएस असलं तरी ते इथे कामाचं नाही, ते चाक जाम होऊन घसरू नये म्हणून असतं. इथे गाडी घसरत नाही, कलंडते.

पल्सरवर तुम्ही हेच वर्षानुवर्षं करत आलात. गाडी दीडशे किलोच्या आतली, पाय टेकायचा आणि रेटून धरायची. आता त्याच सवयीला जवळजवळ शंभर किलो जास्त आहेत.

वजनाचा एक ढोबळ हिशोब सांगते, भीती घालवायला. गाडी सरळ उभी असते तेव्हा तिचं सगळं वजन टायरवर असतं, तुमच्या अंगावर शून्य. गाडीचा गुरुत्वमध्य हँडलच्या निम्म्या उंचीवर धरला, तर ती पाच अंश कलल्यावर हँडलपाशी साधारण दहा किलोंचा जोर लागतो, पंधरा अंशांना तीस किलोंचा, तीस अंशांना साठचा. दहा किलो कोणीही धरील. तीस किलोंना, एका पायावर, वाकड्या पाठीने, पैलवानालाही जड जाईल. म्हणून जिमला जायचं तर स्वतःच्या तब्येतीसाठी जा. गाडीसाठी जायची गरज नाही, कारण ती पंधरा अंशांपर्यंत जाऊच द्यायची नाही.

त्यासाठी तीन गोष्टी एका वेळी चालू ठेवायच्या. डावा हात हाफ क्लचवर, म्हणजे जिथे क्लच पकडायला लागतो आणि गाडी पुढे सरकू पाहते त्या पट्ट्यात. रेस एकसारखी, थांबलेल्या इंजिनाच्या आवाजापेक्षा जरा वर, आणि मग तिला हात लावायचा नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, हलका, पण कायम. इंजिन पुढे ओढतंय, मागचा ब्रेक किंचित धरून ठेवतोय, आणि या दोघांच्या ताणात गाडी शांत उभी राहते. वेग कमी हवा तर ब्रेक जरा जास्त. गाडी आत पडू लागली तर क्लच केसभर सोडा. ‘सोडा’ म्हणतेय मी. तुमचा हात आवळायला धावेल, त्याला उलटं शिकवायचंय. हे एका दिवसात होत नाही.

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे. लोक चाळीसच्या वेगालाही क्लचवर दोन बोटं दाबून चालवतात, चढावर रेस आणि क्लचवर गाडी तोलून ठेवतात, त्यांच्या प्लेटा जळतात आणि मग त्याच्याकडे येतात. त्याने पाहिलंय ते हेच. पण मोटारीचा क्लच कोरडा असतो. तुमच्या गाडीच्या प्लेटा इंजिनच्या तेलात असतात आणि कमी रेसवर, चालण्याच्या वेगात थोडा वेळ घसरवल्या तर त्यांना काही होत नाही. मैदानात वीस मिनिटं सराव झाला की गाडी बंद करून दहा मिनिटं बसा. क्लचपेक्षा तुमच्या डाव्या पंजालाच त्याची जास्त गरज पडेल.

आता उजवीकडच्या वळणाचं. तुमच्या पत्रातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण तुम्ही एक खरी गोष्ट टिपली आहे. यूट्यूबवरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे त्यांचा यू टर्न डावीकडे. आपला उजवीकडे. आणि दोन्हीकडचे हात-पाय सारखे नसतात.

गाडी साइड स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून तिच्यावर बसा आणि हँडल उजवीकडे टोकापर्यंत वळवून बघा. उजवी मूठ पोटाजवळ येते, कोपर बरगडीला चिकटतं, मनगट मुडपतं. आता रेस एकसारखी धरणं अवघड होतं; हँडल वळवतानाच ती नकळत उघडते नाहीतर बंद होते. त्याच वेळी डावी मूठ लांब जाते. पाच फूट पाचच्या माणसाचा हात जवळजवळ सरळ होतो आणि क्लचची लिव्हर बोटांच्या टोकावर येते. टोकावर आलेली लिव्हर कोणी केसभर सोडत नाही, ती एक तर पूर्ण ओढली जाते नाहीतर सुटते. म्हणजे नाजूक काम करणारे दोन्ही हात उजव्या वळणात अडचणीत. शिवाय उजवीकडे तोल गेला तर टेकायला उजवा पाय लागतो, आणि तो तर ब्रेकवर आहे. डाव्या वळणात यातलं काहीच नडत नाही. तुम्हाला उजवीकडे जमत नाही यात नवल नाही.

उपाय साधे आहेत. उजवीकडे वळायच्या आधी, गाडी सरळ असतानाच, सीटवर थोडं डावीकडे सरका. अर्ध्या मांडीइतकं पुरे. गाडी आत कलते, तुम्ही बाहेर राहता, तोल आपोआप साधतो आणि डावी मूठही हाताशी येते. एका दगडात दोन पक्षी. उजव्या मुठीची पकड बदला. ती बाहेरच्या बाजूने, जरा तिरकी धरा, कोपर वर आणि अंगापासून लांब. रेस वळणाआधी ठरवून टाका, वळणात तिच्याशी खेळू नका, कमी-जास्त जे करायचं ते डाव्या हाताने आणि मागच्या ब्रेकने. आणि उजव्या हाताची चारही बोटं मुठीवर. एकही बोट पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर नको. गर्दीत बोट ब्रेकवर ठेवायची सवय चांगली आहे, हे मला माहीत आहे. ती सरळ रस्त्याला ठेवा, यू टर्नला नको.

आणि नजर. लोक यू टर्न घेताना पुढच्या चाकापुढच्या दोन फुटांत बघतात, नाहीतर समोरच्या दुभाजकाकडे. जिकडे बघाल तिकडे गाडी जाणार. वळायला सुरुवात करताना हनुवटी उजव्या खांद्यावर आणा आणि जिथून बाहेर पडायचंय त्या जागेकडे बघा. मान पन्नाशीत जरा कुरकुरते, तरी वळवा. खाली रस्त्यावर खड्डा आहे का, खडी आहे का, हे वळायच्या आधी बघून घ्यायचं. मधे बघितलंत की खड्ड्यात जाणार.

रिक्षा मात्र येणारच. वळणाच्या मधे थांबावं लागलं तर क्रम एकच : आधी हँडल सरळ, मग मागचा ब्रेक, गाडी थांबता थांबता क्लच, मग डावा पाय. हँडल सरळ करायला एक-दीड फूट पुरतो. तेवढंही अंतर नाही असं वाटत असेल, तर त्या जागी यू टर्न घ्यायचा नव्हता. पुढच्या सिग्नलला जाऊन वळा, त्यात कमीपणा नाही. आपला दोन लेनचा रस्ता साधारण सात मीटरचा असतो. तुमची गाडी लांब आहे, तेवढ्यात नवख्याला एका दमात वळवणं कठीणच. आडवं थांबून, मागेपुढे करून वळलात तरी कोणी हसत नाही. हॉर्न वाजवतील, ते तर एरवीही वाजवतात.

सरावाला जागा लागेल. चिंचवड-भोसरीकडे एमआयडीसीतले आतले रस्ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळे असतात. शाळेचं मैदान चालेल, पण मुरूम नको, डांबर किंवा काँक्रीटच हवं. हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट हे सगळं घालूनच. पाचच्या वेगाला पडलात तरी घोटा सापडायला वेळ लागत नाही. टाकी अर्धी ठेवा. तुमची टाकी १५.७ लिटरची, भरली की साधारण साडेअकरा किलो पेट्रोल होतं आणि तेही गाडीच्या वरच्या भागात. अर्ध्या टाकीचा फरक हाताला जाणवतो.

पहिल्या दिवशी इंजिन चालू करू नका. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा, हँडल सरळ ठेवून ती स्टँडवरून उभी करा आणि हळूहळू ती जागा शोधा जिथे गाडी दोन बोटांवर उभी राहते. मग कंबर सीटला टेकवून, उजवा हात पुढच्या ब्रेकवर ठेवून तिला ढकलत चालवा. गाडी नेहमी किंचित तुमच्याकडे कललेली, पलीकडे कधीच नाही. पलीकडे गेली की धरायला काही उरत नाही. ब्रिटनच्या लायसन्सच्या परीक्षेत गाडी अशी हाताने एका जागेतून काढून दुसऱ्या जागेत लावून दाखवावी लागते. आपल्याकडे हे काम पार्किंगचा वॉचमन करतो.

दुसऱ्या दिवशी सरळ रेषा. बसून, दोन्ही पाय जमिनीला लावून, फक्त क्लचवर गाडी हातभर पुढे न्या, थांबवा, पुन्हा न्या. क्लच कुठे पकडतो ते हाताला कळेपर्यंत. मग पाय वर. वीस पावलांचं अंतर मोजा आणि ते जितकं हळू कापता येईल तितकं हळू कापा. गाडी सुटली की पाय लगेच फुटपेगवर गेले पाहिजेत. बदकासारखे दोन्ही पाय लोंबकळत ठेवून मोठी गाडी चालवणारे रोज दिसतात. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर नसतो, म्हणजे थांबायला पुढचा ब्रेकच उरतो, आणि पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंय.

सरळ रेषा जमली की मोठं वर्तुळ, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग लहान करत आणायचं. खुणेला टेनिसचे बॉल अर्धे कापून ठेवा. चाक गेलं तरी काही होत नाही. विटा ठेवू नका, हे सांगावं लागतं. शेवटी आठचा आकडा, कारण त्यात डावीकडून उजवीकडे जाताना सगळं अंग बदलावं लागतं. उजव्या वळणाला डाव्याच्या दुप्पट वेळ द्या. हात दमले की घरी जा. दमलेला हात आवळतो.

रॅम्प हा वेगळा विषय आहे, कारण तिथे उतार, वळण आणि गुळगुळीत फरशी एकत्र असतात, शिवाय पावसाळ्यात गाड्यांनी आणलेलं पाणी. उतरताना वर थांबा, खालून कोणी येत नाही ना बघा, गरज पडली तर वॉचमनला विचारा, आणि रॅम्प पूर्ण मोकळा असेल तरच उतरा. पहिला गिअर, क्लच सोडलेला, इंजिन गाडीला धरून ठेवतं, त्याला मागच्या ब्रेकची जोड. क्लच दाबून उतरायचं नाही, अजिबात नाही. तुमची दुसरी पडझड बहुधा याचमुळे झाली : क्लच दाबल्यावर गाडी मोकळी सुटली, वेग वाढला, वळणात पुढचा ब्रेक धरला. चढताना उलट काळजी, मधे थांबायचं नाही. थांबावंच लागलं तर हँडल सरळ, उजवा पाय मागच्या ब्रेकवर दाबून, डावा पाय खाली. निघताना ब्रेक धरूनच क्लच पकडेपर्यंत सोडा, गाडीचा मागचा भाग किंचित खाली बसल्यासारखा वाटला की रेस द्या आणि ब्रेक सोडा. हेच सिंहगडच्या घाटात पावसाळ्यातल्या रविवारी लागेल, पुढे वीस गाड्या अडकलेल्या असताना. तिकडे इतक्यात जाऊ नका.

पार्किंगची जागा बदलून मिळत असेल तर मिळवा. भिंतीकडे उताराने तोंड करून लावलेली गाडी बाहेर काढताना मागे ओढावी लागते, आणि तुमच्या गाडीला रिव्हर्स नाही. होंडाच्या गोल्ड विंगला ती सोय आहे, पण ते प्रकरणच वेगळं. त्यामुळे आत लावतानाच उलटी लावा, तोंड बाहेर. उतारावर स्टँडवर लावायची वेळ आली तर तोंड चढाकडे आणि पहिला गिअर टाकून, नाहीतर गाडी पुढे सरकून स्टँड मिटतो.

एवढं करूनही ती पुन्हा पडू शकते. एका मर्यादेपलीकडे कलली की तिला सोडायला शिका. पाय खाली घालून, दात-ओठ खाऊन धरलीत तर गुडघा किंवा कंबर जाईल. लेग गार्ड वाकला तर बदलता येतो. हँडल सोडा, पाय मोकळा करा, बाजूला व्हा. मग आधी मागून गाड्या येत नाहीत ना बघा, किल-स्विचने इंजिन बंद, चावी बंद, पेट्रोल गळतंय का बघा. आपल्याकडे लगेच चार जण धावतात आणि कोणी आरसा, कोणी इंडिकेटर धरून उचलू लागतात. त्यांना जागा नेमून द्या : एक हँडल, एक मागचं ग्रॅब रेल, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायची दांडी. सायलेन्सरला हात लावू देऊ नका.

एकट्याने उचलायची तर गाडीकडे पाठ करा. गिअर पहिल्यात, म्हणजे ती घरंगळणार नाही. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. सीटला ढुंगण टेकवून उकिडवे बसा, एका हाताने खालची मूठ, दुसऱ्याने मागची पक्की पकड, पाठ ताठ, आणि पायांच्या जोराने छोटी छोटी पावलं टाकत मागे सरका. तुमची गाडी पहिल्यांदा उजवीकडे पडली तशी पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे जाणार नाही. कंबरेचं दुखणं असेल तर एकट्याने हात लावूच नका. तिथेच कोणाची तरी वाट बघा.

सीट कापायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या गाडीची सीट ७४० मिलिमीटर उंचीची आहे, पल्सरपेक्षाही खाली; पाच फूट पाचच्या माणसाचे पाय व्यवस्थित टेकतात. फोम काढला की दोन तासांत कंबर बोलू लागेल आणि यू टर्नला कणभरही फायदा होणार नाही. त्याऐवजी गाडी तपासून घ्या. टायरमधली हवा कमी असेल तर हँडल जड होतं आणि तुम्हाला ते वजन वाटतं. चेन फार सैल असेल तर हळू चालवताना झटके बसतात. हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, घट्ट झाला असेल तर गाडी सरळ रेषेत राहत नाही, सारखी इकडेतिकडे जाते. दोनदा पडलेल्या गाडीचं हे बघायलाच हवं. क्लचची लिव्हर तुमच्या बोटांना जवळ येईल अशी लावून घ्या आणि पडल्यात लिव्हर वाकली असेल तर बदला. वाकलेली लिव्हर दिसायला चालते, पण हाफ क्लचची जागा हाताला सापडू देत नाही.

राहता राहिल्या वहिनी. त्यांना समजावायच्या फंदात पडू नका, एकदा मैदानात घेऊन जा आणि बाजूला खुर्ची टाकून बसवा. बघू देत. नंतर बसायचं म्हणाल्या, तर पहिल्यांदा रॅम्प नको, यू टर्न नको; सोसायटीच्या बाहेर सरळ रस्त्यावर बसवा आणि तिथेच उतरवा. रॅम्पवरून गाडी एकट्याने वर आणायची, हे कायमचंच ठेवलंत तरी चालेल. बसताना-उतरताना तुमचे दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक धरलेला, आणि तुम्ही ‘बसा’ म्हणाल्याशिवाय त्यांनी पाय टाकायचा नाही. एका बाजूला पाय सोडून बसायची सवय असेल तर या गाडीवर ती मोडा. हळू वेगात मागचं वजन एकीकडे असलं की तुमचं सगळं शिकलेलं फुकट जातं. गाडी थांबताना त्यांनी मदत म्हणून पाय खाली टेकवायचा नाही, आणि वळताना तुमच्या उलट बाजूला झुकायचं नाही. नुसतं बसायचं, तुमच्या खांद्यावरून पुढे बघत.

दोघांनी निघण्याआधी मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवून घ्या. त्याचा पाना गाडीच्या टूलकिटमध्ये आहे का बघा, नसेल तर सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा तिथेच करून घ्या.